कीर्तनात पास, गरब्यात नापास: व्हिडिओ कॉम्प्रेशन कोणत्या चित्रणावर तपासावं?

मागच्या नवरात्रात आमच्या गल्लीच्या गरब्याचं थेट प्रक्षेपण माझ्याकडे होतं. बडोद्यात दांडिया बाजाराच्या आसपास राहणाऱ्या आम्हा मराठी घरांमधली निम्मी माणसं आता पुण्यात, टोरांटोत, मेलबर्नला आहेत आणि नऊ रात्री ती स्क्रीनसमोर बसतात. इंटरनेटची लाइन बेताची, त्यामुळे व्हिडिओ किती दाबायचा हे आधी ठरवणं भाग होतं. मी तयारी केली होती. श्रावणातल्या एका कीर्तनाचं चित्रण हाताशी होतं, तेच वेगवेगळ्या बिटरेटवर (सेकंदाला किती डेटा, ते माप) एन्कोड करून, म्हणजे दाबून पाहिलं. सेकंदाला दोन मेगाबिटमध्येही बुवांच्या उपरण्याची किनार, पेटीच्या पट्ट्या, समईची ज्योत, सगळं स्वच्छ दिसत होतं. दोन मेगाबिट पुरेसे आहेत, असं मी वहीत लिहून ठेवलं.

पहिल्या रात्री पावणेदहाला मावशीचा पुण्याहून फोन आला. "अरे, माणसं कुठायत? मला नुसते रंगीत चौकोन दिसतायत."

कॅमेरा ठीक होता, लाइन ठीक होती, सॉफ्टवेअरही ठीक होतं. मी परीक्षा चुकीची घेतली होती. व्हिडिओ कॉम्प्रेशन तपासायला कोणतं चित्रण निवडता, यावरच निकाल काय लागणार हे बरंचसं ठरून जातं. हे मी त्या रात्रीनंतर शिकलो आणि आता भेटेल त्याला सांगत असतो.

आधी आकडे पाहू. फुल एचडी फ्रेममध्ये १९२० गुणिले १०८० पिक्सेल असतात. नेहमीच्या पद्धतीने रंगाची माहिती थोडी कमी करून ठेवली तरी एका फ्रेमला साधारण ३१ लाख बाइट लागतात. सेकंदाला २५ फ्रेम धरल्या तर सुमारे ७८ मेगाबाइट, म्हणजे ६२२ मेगाबिट. मी ते दोन मेगाबिटमध्ये बसवत होतो, तीनशे भागांतला एक भाग ठेवून.

हे जमतं कसं? वाण्याला फोन करताना आपण काय म्हणतो ते आठवा. "मागच्या महिन्याचीच यादी, फक्त तूरडाळ दोनऐवजी तीन किलो, आणि रवा नको." सगळी यादी पुन्हा वाचायची गरज नाही, फरक सांगितला की झालं. व्हिडिओ दाबण्या-उलगडण्याची पद्धत, म्हणजे कोडेक, हेच करतो; त्यातला दाबणारा भाग तो एन्कोडर. फ्रेमचे छोटे चौकोन पाडतो आणि प्रत्येक चौकोनाबद्दल सांगतो, "हा मागच्याच फ्रेममधला, जरा डावीकडे सरकलाय." मग उरलेला फरक तेवढा पाठवतो. एच.२६४ हे २००३ सालचं मानक घ्या, २०१३ चं एचईव्हीसी घ्या, २०१८ चं एव्ही१ किंवा २०२० चं व्हीव्हीसी घ्या, मूळ कल्पना हीच आहे. नव्यांची अंदाज बांधण्याची हत्यारं जास्त आणि जास्त धारदार, एवढंच.

कीर्तनात यादी बदलतच नाही. मागचा पडदा तोच, समई तीच. बुवांचा हात हलतो, झांजा हलतात, बाकी सगळं मागच्यासारखंच. गरब्यात मात्र प्रत्येक फ्रेमला नवीन यादी वाचावी लागते. आणि फोनवर बोलायला दोनच मिनिटं दिली असतील तर माणूस काय करतो? "थोडी डाळ, थोडं तेल, काहीतरी पीठ" असं घाईत सांगून मोकळा होतो. मावशीला दिसलेले रंगीत चौकोन म्हणजे ती घाईची यादी.

गरबा का अवघड आहे हे जरा बारकाईने पाहण्यासारखं आहे, कारण त्यात कोडेकच्या बहुतेक दुखऱ्या नसा एकाच मैदानात सापडतात. बडोद्याचा गरबा गोल रिंगणात चालतो, एकात एक अनेक वर्तुळं. त्यामुळे आतली रांग बाहेरच्या रांगेमागे सतत लपते आणि पुन्हा बाहेर येते. जे आत्ताच उघडं पडलं ते मागच्या फ्रेममध्ये नव्हतंच, मग ते उचलून आणणार कुठून? त्यात प्रत्येक जण स्वतःभोवती गिरकी घेतो. जुन्या कोडेकना चौकोन सरकवता येतो, फिरवता येत नाही. घेरदार चनिया, म्हणजे घागरा, गिरकीत फुलतो तेव्हा त्याच्या कळ्यांचा आकार दर फ्रेमला बदलतो, तिथे सरकवण्याने काही साधत नाही. आणि आरसे! कापडावर शिवलेलं आभलं एका फ्रेममध्ये पांढरंशुभ्र चमकतं आणि पुढच्या फ्रेममध्ये काळं पडतं. त्याला भूतकाळच नाही. वर रंग बदलणारे दिवे, त्यामुळे जो माणूस जागचा हलला नाही त्याचेही सगळे पिक्सेल बदलतात. आणि रात्रीच्या उजेडात कॅमेऱ्याचा आयएसओ, म्हणजे उजेड टिपण्याची संवेदनशीलता, चढवावा लागतो, तेव्हा चित्रात बारीक दाणे नाचू लागतात. तो दाणा निव्वळ योगायोग असतो आणि योगायोगाचा अंदाज कोणालाच बांधता येत नाही. एव्ही१ मध्ये यावर एक युक्ती आहे: दाणे काढून टाकायचे, त्यांचं फक्त वर्णन पाठवायचं आणि बघणाऱ्याच्या बाजूला तसेच दिसणारे नवे दाणे पेरायचे. पण ही युक्ती बरी चालते की वाईट, हे दाणेदार चित्रणावर तपासल्याशिवाय कळणार कसं?

म्हणून मग चाचणीला फक्त गरबाच घ्यावा का? नाही. मीही आधी त्याच टोकाला गेलो होतो.

उत्तरायणाचं आकाश घ्या. १४ जानेवारीला गच्चीवरून संध्याकाळी पश्चिमेकडे कॅमेरा लावला. वर निळं, खाली येता येता केशरी, मध्ये दोन-चार पतंग. यात अवघड काय? हालचाल जवळजवळ नाही, कडा जवळजवळ नाहीत. एन्कोडर खूश होऊन जेमतेम बिट खर्च करतो आणि आकाशाला पायऱ्या पडतात. निळ्याकडून केशरीकडे जाणारा अलगद उतार पट्ट्यापट्ट्यांचा दिसायला लागतो. कारण ८ बिटच्या चित्रात उजेडाच्या सगळ्या मिळून २५६ पायऱ्या, आणि आकाशाच्या त्या तुकड्याच्या वाट्याला त्यातल्या मोजक्याच येतात. एन्कोडरने त्यातल्याही काही पुसल्या की पट्टे उघडे पडतात. १० बिटला १०२४ पायऱ्या असतात, म्हणून तिथे त्रास बराच कमी होतो.

इथे एक गंमतीची आणि महत्त्वाची गोष्ट आहे. चित्र किती बिघडलं हे मोजायचं सर्वांत जुनं माप म्हणजे पीएसएनआर. प्रत्येक पिक्सेल मूळ चित्रापेक्षा फक्त एका पायरीने चुकला तर हे माप सुमारे ४८ डेसिबल येतं. एरवी ४० च्या वर गेलं की लोक समाधानाने मान डोलावतात. म्हणजे आकाशाला पट्टे पडलेले डोळ्यांना ढळढळीत दिसत असताना आकडा म्हणतो, उत्तम आहे. आणि मांजा? तो एक पिक्सेल जाडीचा असतो, कधी तेवढाही नसतो. एन्कोडर तो साफ पुसून टाकतो आणि पतंग कशालाही न बांधलेला दिसतो. पूर्ण फ्रेमच्या सरासरीत त्या एका रेषेचा हिशेब लागतच नाही.

म्हणजे अवघड चित्रण एका प्रकारचं नसतं. गरबा बिट खाऊन मोडतो, आकाश बिट न मिळाल्याने मोडतं. चाचणीच्या संचात दोन्ही लागतात. आणि कीर्तनही लागतं, ते फेकून द्यायचं नाही. स्थिर चित्रातच एक दोष पकडता येतो: दर दोन-तीन सेकंदांनी येणाऱ्या पूर्ण फ्रेमला, ज्याला कीफ्रेम म्हणतात, मागचा पडदा श्वास घेतल्यासारखा हलतो. गर्दीच्या चित्रात हे लपून जातं. शांत चित्रात मात्र एकदा लक्षात आलं की दुसरं काही दिसत नाही.

आता रंगाकडे येतो. आपला डोळा उजेडातला फरक बारीक टिपतो, रंगातला ढोबळ. म्हणून नेहमीच्या व्हिडिओत चार पिक्सेलना मिळून रंगाचा एकच नमुना ठेवतात. एचडीच्या मानकात उजेड मोजताना हिरव्याचा वाटा सुमारे ७२ टक्के, लालचा २१ आणि निळ्याचा फक्त ७. त्यामुळे लाल कापडावर तेवढ्याच उजेडाच्या हिरव्या धाग्याचं भरतकाम असेल तर सगळी नक्षी फक्त रंगात राहते आणि रंगच तर आपण आधी पातळ केलाय. परदेशातल्या तयार चाचणी-संचांतल्या हिरव्या बागा आणि करडे रस्ते पाहून हे कळत नाही. आपल्याकडे लाल, भगवा, गुलाल, कुंकू यांशिवाय एकही समारंभ होत नाही, तेव्हा चाचणीत एक क्लिप भडक लाल रंगाची हवीच. तसंच चेहऱ्यांचं. समईच्या उजेडातला सावळा चेहरा, डोळ्यांखालची सावली, कपाळावरचा घाम हे सगळं गडद भागात येतं आणि गडद भागातच एन्कोडर सगळ्यात जास्त हात आखडता घेतो. आपल्या माणसांचे चेहरे नीट दिसायला हवे असतील तर तपासणीतही आपल्याच माणसांचे चेहरे हवेत.

आणि अक्षरं. खालच्या पट्टीत देणगीदार, प्रायोजक, आजच्या आरतीचे यजमान अशी नावं धावत असतात. बिटरेट कमी पडला की अक्षरांभोवती डासांचा थवा घोंघावल्यासारखे ठिपके नाचतात आणि शिरोरेषा तुटक होते. सगळ्यात आधी जातो तो अनुस्वार. चिंता आणि चिता यांत एका टिंबाचा फरक, असं आपण लहानपणापासून ऐकत आलो. ते टिंब ७२० रेषांच्या व्हिडिओत तीन-चार पिक्सेलचं असतं. रोमन अक्षरांवर तपासलेली सेटिंग देवनागरीवर चालेलच असं नाही. म्हणून माझ्या संचात जोडाक्षरं आणि अनुस्वार मुद्दाम भरलेली, धावत्या पट्टीची एक क्लिप आहे.

आता सगळ्यात जास्त लोक जिथे चुकतात त्याबद्दल. मूळ चित्रण स्वच्छ हवं.

व्हॉट्सॲपवरून आलेला व्हिडिओ घेऊन कोडेक तपासणं म्हणजे पाणी घातलेल्या दुधाची साय मोजणं. तो आधीच दाबलेला असतो. बारीक तपशील पुसलेला, दाणे गेलेले, चौकोनांच्या कडा उमटलेल्या. नव्या एन्कोडरला काम सोपं मिळतं, कारण जे अवघड होतं ते आधीच्याने काढून टाकलंय. किंवा उलट होतं: तो बिचारा आधीच्या एन्कोडरचे डाग मूळ चित्र समजून इमानेइतबारे जपत बसतो. दोन्ही बाबतींत तुम्हाला मिळणारा आकडा खोटा असतो. फोनच्या कॅमेऱ्याचं थेट चित्रणही बहुतेक वेळा एच.२६४ किंवा एचईव्हीसीमध्ये दाबूनच साठवलेलं असतं.

मग घरच्या माणसाने काय करावं? उत्तम मार्ग म्हणजे मिररलेस कॅमेऱ्याच्या एचडीएमआयमधून बाहेरच्या रेकॉर्डरवर प्रोरेससारख्या हलक्या हाताने दाबणाऱ्या स्वरूपात चित्रण करायचं. असा रेकॉर्डर एका दिवसाच्या भाड्याने मिळतो. तेही जमत नसेल तर फोनवर ४के मध्ये, मिळेल त्या सर्वांत जास्त बिटरेटला चित्रण करा आणि मग ते १०८० किंवा ७२० वर उतरवा. लहान करताना चार पिक्सेलचा एक होतो, त्यात जुने डाग बरेचसे विरून जातात. मी हेच करतो. उतरवलेलं चित्रण पुन्हा न दाबता जसंच्या तसं ठेवायचं. १०८० ला दहा सेकंदांना सुमारे ७८० मेगाबाइट लागतात, तेवढी जागा द्यायची.

मंडळाच्या जुन्या कॅसेटी वापरायचा मोह होतो, मलाही झाला. त्यात अडचण अशी की जुन्या हँडीकॅमचं चित्र एकाआड एक रेषांनी भरलेलं असतं, सेकंदाला ५० अर्धी चित्रं. हलणाऱ्या वस्तूच्या कडेला कंगव्याचे दात दिसतात. हे दात नव्या कोडेकला कडा वाटतात आणि बिट तिथे वाया जातात. जुन्या कॅसेटींचा संग्रह डिजिटल करायचा असेल तर त्यावर जरूर तपासा, पण आधी दात काढून.

जगभरात वापरले जाणारे तयार संचही आहेत आणि ते माहीत असावेत. फोरमन नावाची क्लिप या क्षेत्रातल्या प्रत्येकाने पाहिलेली असते: बांधकामाच्या जागी हेल्मेट घातलेला माणूस बोलतोय, मग कॅमेरा झटक्यात इमारतीकडे वळतो. आकार फक्त ३५२ गुणिले २८८. अकियो नावाच्या क्लिपमध्ये एक जपानी वृत्तनिवेदिका आहे, म्हणजे आमचं कीर्तनच. स्वीडनच्या एसव्हीटी या सार्वजनिक वाहिनीने ६५ मिलिमीटर फिल्मवर, सेकंदाला ५० फ्रेमने काढलेला संच मला फार आवडतो. त्यात शेकडो धावपटूंची झुंड आहे आणि पाण्यावरून उडणारी बदकं आहेत. बदकांपेक्षा त्यांनी मागे सोडलेल्या लाटा अवघड. फिनलंडमधल्या टांपेरे विद्यापीठाचा यूव्हीजी हा ४के संच आहे, त्यातल्या काही क्लिप सेकंदाला १२० फ्रेमच्या आहेत. यातलं बरंचसं झिफ (Xiph) या संस्थेच्या संकेतस्थळावर आणि त्या त्या संस्थेकडे मिळतं. वापराच्या अटी मात्र क्लिपगणिक वेगळ्या, त्या वाचूनच घ्या.

दुसऱ्यांच्या निकालांशी तुलना करायला हे संच लागतात. पण फक्त त्यांवर विसंबू नका. जी क्लिप वर्षानुवर्षं सगळ्यांकडे आहे ती फुटलेल्या पेपरसारखी असते. एन्कोडर बनवणारे कळत-नकळत त्याच प्रश्नांचा अभ्यास करून बसलेले असतात. स्वतःच्या बाबतीतही हे होतं. एकाच गरब्याच्या क्लिपवर महिनाभर बटणं फिरवली की सेटिंग त्या क्लिपपुरती छान होते, दुसऱ्या रात्रीच्या गरब्यावर नाही. म्हणून मी दोन क्लिप बाजूला काढून ठेवतो. सगळं ठरेपर्यंत त्या उघडायच्या नाहीत.

संचात किती क्लिप असाव्यात? माझ्याकडे नऊ आहेत. संख्येपेक्षा त्या एकमेकींपासून किती दूर आहेत ते महत्त्वाचं. आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या पी.९१० या शिफारशीत यासाठी दोन सोपी मापं दिली आहेत. एक सांगतं, चित्रात कडा आणि तपशील किती. दुसरं सांगतं, एका फ्रेमपासून पुढच्या फ्रेमपर्यंत बदल किती. दोन्ही काढून आलेखावर प्रत्येक क्लिपचा ठिपका मांडायचा. गरबा वर उजव्या कोपऱ्यात जातो. बडोद्यातल्या तांबेकर वाड्यातल्या भित्तिचित्रांवरून सावकाश फिरवलेला कॅमेरा म्हणजे तपशील भरपूर, बदल कमी. सूरसागरच्या पाण्यावर संध्याकाळी पडलेलं दिव्यांचं प्रतिबिंब, कमाटी बागेत वाऱ्याने हलणारी पानं, मिरवणुकीतला उधळलेला गुलाल यांच्या जागा वेगवेगळ्या. सगळे ठिपके एका कोपऱ्यात जमले असतील तर तुमच्या नऊ क्लिप म्हणजे एकच क्लिप नऊ वेळा. फक्त लक्षात ठेवा, उत्तरायणाचं आकाश या आलेखावर अगदी सोप्या कोपऱ्यात पडतं. आलेख दाखवतो ती विविधता, त्रास कुठे होईल ते नाही. ते डोळ्यांनीच पाहावं लागतं.

लांबी दहा सेकंदांच्या आसपास ठीक. त्याहून लांब क्लिप दिली की बघणारा माणूस सुरुवात विसरतो. पण थेट प्रक्षेपणासाठी दोन-तीन मिनिटांची एक अखंड क्लिप वेगळी लागते, ज्यात शांत आरती चालू आहे आणि अचानक ढोल-ताशा सुरू होतो. सोप्यातून अवघडात उडी घेताना एन्कोडर किती सेकंद गडबडतो, हे दहा सेकंदांच्या तुकड्यात कधीच दिसत नाही.

निकाल पाहताना सरासरीवर जाऊ नका. नऊ क्लिपची सरासरी छान आणि त्यात गरबा नापास, हा निकाल मला नको. सर्वांत वाईट क्लिप कुठली आणि तिच्यातले सर्वांत वाईट दोन सेकंद कुठले, हे आधी बघा. मग घरातल्या माणसांना दोन व्हिडिओ दाखवा, कुठला कोणता ते न सांगता, क्रम बदलून. फोनवर आणि टीव्हीवर, दोन्हीकडे. माझ्या मावशीला बिटरेट म्हणजे काय ते माहीत नाही, पण तिने "हा नको" म्हटलेला व्हिडिओ बहुतेक वेळा खरंच वाईट निघालाय.

एक गोष्ट तांत्रिक नाही, पण मी ती कधी टाळत नाही. चाचणीची क्लिप वर्षानुवर्षं राहते, हातोहात फिरते. चित्रप्रक्रियेच्या क्षेत्रात लेना नावाने ओळखलं जाणारं एक छायाचित्र १९७३ पासून दशकानुदशकं वापरलं गेलं. ते मुळात १९७२ च्या एका पुरुषांच्या मासिकातलं. पुढे त्यातल्या स्त्रीनेच आता ते थांबवा असं सांगितलं, आणि आयईईई या अभियंत्यांच्या जागतिक संस्थेच्या कॉम्प्युटर सोसायटीने १ एप्रिल २०२४ पासून ते असलेले लेख घेणं बंद केलं. गरब्यात नाचणाऱ्या मुलीने नाचायला होकार दिलेला असतो, हजार वेळा गोठवून, मोठं करून तपासलं जायला नाही. म्हणून माझी क्लिप मी ओळखीच्या बारा जणींना विचारून, दुपारी वेगळी वेळ ठरवून, दिवे लावून काढली. त्यांनी घरचे चनिया-चोळी आणले आणि वीस मिनिटं फेर धरला. संचात लहान मुलं नाहीत.

त्या क्लिपवर तपासल्यावर दोन मेगाबिट कुठल्या कुठे गेले. शेवटी साडेपाच लागले, तेही ७२० रेषांवर उतरल्यावर. लाइन वाढवून घेतली आहे. पावसाची क्लिप तेवढी अजून नाही. गेल्या वर्षी अष्टमीला सर आली तेव्हा दिव्यांसमोरच्या धारांनी दहा मिनिटं सगळं चित्र धुऊन काढलं होतं. यंदा जुलैत गॅलरीतून, रस्त्यावरच्या दिव्याखाली पडणारा पाऊस घेणार आहे.